वस्तीच्या तोंडावरचा ढिगारा

टँकरच्या ड्रायव्हरनं खिडकीतून मुंडी बाहेर काढली आणि म्हणाला, नागूबाई, आज पाणी इथंच घ्या, पुढं जायला वाट राहिली नाही. मी घागर खाली ठेवून पुढं गेले आणि बघतच राहिले. आमच्या वडारवस्तीला आत-बाहेर करायला एकच तोंड. टँकर तिथूनच, रिक्षा तिथूनच, वरात तिथूनच आणि मयतही तिथूनच. त्या तोंडावर माझ्या डोक्याच्या वर जाईल एवढा राडारोडा पडला होता. कुणाच्या न्हाणीच्या फरशा, कुणाचा अर्धा जिना, स्लॅबचे तुकडे, त्यातून वाकड्या निघालेल्या सळ्या, चुन्यात बसवलेले काळे दगड. गावात स्टेशनरोड रुंद करायचं काम निघालं होतं, दोन्ही अंगांची घरं पुढून कापली होती, आणि कापलेलं सगळं आणून आमच्या दारात ओतलं होतं.

एक टिपर अजून रिकामा होत होता. मी त्याच्या मागं जाऊन उभी राहिले. टिपरवरचा गज्या ओरडला, मावशी सरका, अंगावर पडंल. मी म्हटलं, पडू दे, मग तुझ्या मालकाला आणखी एक राडा उचलावा लागंल. गज्यानं टिपर थांबवला आणि हात जोडून सांगितलं की भाऊसाहेबांनीच इथं टाकायला सांगितलंय, माझ्यावर कशाला तापता.

भाऊसाहेब कोठावळे म्हणजे नगरपालिकेच्या बांधकाम समितीचे सभापती. तालुक्यात खडीची खाण एकच, ती त्यांची. आमच्या वस्तीच्या जागेवर त्यांचा बरीच वर्षं डोळा होता. तिथं व्यापारी संकुल उठवायचं, खाली गाळे, वर लॉज, असं त्यांच्या मनात होतं. आमची वस्ती पालिकेच्या दप्तरी 'तात्पुरती' म्हणून लिहिलेली. माझ्या सासऱ्यांचा बाप तिथं जन्मला, तिथंच मेला, तरी आम्ही तात्पुरते. या तालुक्यातला एक रस्ता दाखवा की ज्याची खडी आमच्या बायांनी फोडली नाही. आणि आमच्याच वस्तीत पावसाळ्यात गुडघाभर चिखल. मला सांगा, माणसाच्या डोक्यात राख जाणार नाही तर काय होईल?

आमची महिला मजूर संस्था होती आणि मी तिची चेअरमन. त्या वर्षी पालिकेत इंगवले म्हणून नवे ज्युनिअर इंजिनिअर आले होते, सरळ माणूस, थोडा भित्रा. त्यांनी वस्तीतल्या रस्त्याचं डांबरीकरण मंजूर करून घेतलं होतं आणि काम आमच्याच संस्थेला दिलं होतं. कागद हातात देताना त्यांनी मला समजावलं होतं की एकदा पालिकेचा डांबरी रस्ता नोंदीवर चढला की ती वस्ती तात्पुरती राहत नाही. मागून नळ येतो, खांब येतात, आणि सकाळी उठून कुणी बुलडोझर घालू शकत नाही. ते मला पक्कं कळलं होतं. रस्ता झाला तर आम्ही राहिलो, नाही झाला तर एक दिवस आम्हाला उठवणार. आणि मार्च संपायच्या आत काम पुरं झालं नाही तर निधी परत जाणार.

कोठावळ्यांनाही ते तितकंच पक्कं कळलं होतं. संक्रांतीपासून आम्ही खडी मागत होतो आणि खाणीवरून एकच उत्तर यायचं, माल शिल्लक नाही, एप्रिलात या. आता तर त्यांनी वाटच बुजवली होती. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, तसा हिशेब.

मी तशीच, पदराला चुना लागलेली, पालिकेत गेले. कोठावळे इंगवल्यांच्या टेबलासमोर बसून चहा पीत होते. मला बघून हसले. म्हणाले, जागा पडीक दिसली म्हणून टाकला, तुम्हाला अडचण होत असेल तर तुमचा तुम्ही उचला, दगडाची कामं तुम्हाला काही नवीन नाहीत.

मी विचारलं, "टाकला तो टाकला. परत मागणार नाही ना?"

"राडारोडा परत मागायला मला काय वेड लागलंय?"

"मग हे साहेबांसमोर बोललात. ध्यानात ठेवा."

ते पुन्हा हसले. इंगवले मान खाली घालून कागद चाळत राहिले. मी बाहेर आले तेव्हा माझ्या डोक्यात काय होतं ते मलाही धड माहीत नव्हतं, नुसता संताप होता. वस्तीपर्यंत चालत येईतो त्या संतापाला आकार आला. खडी देत नाही म्हणतोस ना? दारात टाकलायस ना ढीग? मग तोच फोडून त्याचीच खडी करते, आणि त्याचाच रस्ता करते. बघू कोण अडवतंय.

बाया जमल्या तेव्हा मी हे सांगितलं आणि अर्ध्याजणी माझ्याकडं वेडीकडं बघावं तशा बघायला लागल्या. सुंद्री माझी जिवाची मैत्रीण, पण तोंडानं फाटकी. ती म्हणाली, नागे, उन्हानं डोकं फिरलं का तुझं, पडक्या घराच्या ढेकळांवर कुणी डांबर ओततं का? तिचंही खोटं नव्हतं. आम्हाला माहीत होती ती खाणीतली काळी खडी, हातोडा मारला की टणकारणारी. ढिगात काळा दगड होता, पण त्याला चुना नाहीतर सिमेंट चिकटलेलं. बाकी स्लॅबचं काँक्रीट आणि विटा. सगळ्या बोलून थकल्यावर माझ्या सासूबाई उठल्या. आम्ही सासूला आत्याबाई म्हणतो. यल्लव्वा आत्याबाई. आयुष्यभर खडी फोडून त्यांच्या डाव्या हाताची दोन नखं गेलेली. त्यांनी हातोडा घेतला, पोत्याची चुंबळ बुडाखाली टाकली आणि ढिगाशेजारी बसून पहिला दगड फोडला. म्हातारी फोडायला लागल्यावर बाकीच्या काय उभ्या राहणार? सगळ्या बसल्या.

आम्ही विटा वेगळ्या काढल्या, त्या खाली भरावाला घातल्या. सळ्या वेगळ्या, लाकूड वेगळं. दगड आणि काँक्रीट फोडून चाळण्यांतून काढलं. इंगवले आले, त्यांनी मूठभर खडी हातात घेऊन उलटसुलट बघितली. ते म्हणाले की बाहेरच्या देशांत आणि मोठ्या शहरांत असं करतात असं त्यांनी वाचलं होतं, पण इथं अजून कुणी केलेलं नाही, त्यामुळं आधी एक तुकडा करून बघू, नमुना पॉलिटेक्निकला तपासायला पाठवू, पास झाला तर पुढचं. मी म्हटलं, करू.

वस्तीच्या आतल्या टोकाकडून सुरुवात केली, कारण तोंडावर तर ढीग. रोलर आत यायला तेवढी फट पाडली. पिंपात डांबर उकळलं, खडी पत्र्यावर तापवली, नेहमीच्या मापानं डांबर घातलं आणि फावड्यांनी कालवून टाकलं. रोलर फिरला. काळाभोर तुकडा झाला, पोरंबाळं त्यावर अनवाणी नाचायला लागली, पाय भाजले तरी हटेनात. मलाही वाटलं, जिंकलो.

आठवडा गेला नाही तोच त्या तुकड्याची रया गेली. काळा रंग उडून तपकिरी पडला, रिक्षा वळली की खडी सुटून बाजूला उडायची. इंगवल्यांनी वाकून खडा उचलला, दोन बोटांत फोडला आणि सांगितलं की दगडाला जो जुना चुना आणि सिमेंट चिकटलंय ते सगळं डांबर पिऊन टाकतंय, दगडाला दगड चिकटवायला उरतच नाही. आम्ही काळ्या दगडाच्या सवयीनं माप घातलं होतं. काळा दगड डांबर पीत नाही, अंगाला लावून घेतो. जन्म दगडात गेला आणि दगडाच्याच मापात आम्ही चुकलो, याची लाज वाटली.

कोठावळे नेमके त्याच दिवशी आले. कुणी सांगितलं देव जाणे. बरोबर गज्या आणि चारपाच बगलबच्चे. त्यांनी बुटाच्या टोकानं रस्ता खरवडला. ढपला निघाला. म्हणाले, "कचऱ्याचा रस्ता शेवटी कचराच. इंगवले, हे बिल काढलंत तर तुमच्या नोकरीचं मी बघतो." मग माझ्याकडं वळून अगदी मायेनं बोलावं तसं बोलले, नागूबाई, हट्ट सोड, एप्रिलात माळावर तुम्हाला पत्रे मारून देतो, सगळ्या वस्तीला. माळ म्हणजे गावाबाहेर, जिथं पालिकेचा कचरा टाकतात तिथं.

ते गेल्यावर मी पहार आणली आणि तो तुकडा आपल्या हातानं उचकटायला लागले. सुंद्री आली, मग एकेक करून सगळ्या आल्या. स्वतः केलेला रस्ता स्वतः उखडताना जे होतं ते सांगता येत नाही. आत्याबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती, पण त्या पाटी भरत होत्या. मी मनाशी म्हटलं, कोठावळ्या, तुझ्या नाकावर टिच्चून करीन.

दुसऱ्या दिवशी आम्ही बांधकामावरचा काँक्रीटचा मिक्सर भाड्यानं आणला. पाणी नाही, सिमेंट नाही, नुसती कोरडी खडी आणि सोबत चार गुळगुळीत नदीगोटे, आणि फिरवत बसलो. इंगवले म्हणाले होते की डांबर वाढवून भागणार नाही, दगडावरचा चुनाच काढायचा, आणि काढायचा कसा हे आम्हाला आमच्या बायांच्या भांड्यांनी शिकवलं. करपलेलं पातेलं आपण वाळूनं घासतो, तसंच. दगडावर दगड घासून चुन्याचा भुगा होऊन पडायचा. अख्खी वस्ती पांढरी झाली, भाकरीत चुना, केसांत चुना, सुंद्री म्हणाली की आपण सगळ्या एका रात्रीत म्हाताऱ्या झालो. पण चाळून निघाली ती खडी बघून आत्याबाईंनी एक खडा दुसऱ्यावर आपटला, कान दिला आणि मान हलवली. नवा तुकडा टाकला. तो टिकला. पॉलिटेक्निकचा नमुना पास आला. इंगवले सायकल फेकून पळत आले होते सांगायला.

मग आम्ही थांबलो नाही. रस्ता आतून बाहेर सरकत होता आणि ढीग बसत होता. शेवटी तोंडाजवळचा तुकडा राहिला, आणि ढिगात राहिले ते चांगले चौकोनी घडीव दगड. जुन्या घरांच्या जोत्यांचे, एकेक दोन माणसांनी उचलावा असा. ते आम्ही मुद्दाम शेवटाला ठेवले होते. सगळ्यांत कसदार दगड तो, तोंडावर टँकर वळतो, ट्रक वळतो, तिथं त्याचीच खडी घालायची असं ठरवलं होतं. मार्चचे थोडेच दिवस उरले होते.

आणि एका सकाळी उठून बघतो तर त्या दगडांना शेंदूर.

सगळेच्या सगळे दगड शेंदरानं माखलेले, झेंडूचे हार, उदबत्त्यांचे पुडेच्या पुडे पेटलेले. गावातली चाळीसपन्नास माणसं हात जोडून उभी, त्यात बाया जास्त. गज्या मधोमध घंटा वाजवत होता. म्हणत होता, भाऊसाहेबांना दृष्टांत झालाय, म्हसोबा इथं प्रकटलाय, आता या जागेवर देवाचं ठाणं होणार, इथला खडा कुणी हलवायचा नाही. वस्तीच्या बरोबर तोंडावर. म्हणजे रस्ता तिथं अडला तो कायमचा. रस्ता गावाच्या रस्त्याला जुळला नाही तर तो नोंदीवर चढतच नाही, हे इंगवल्यांनी मला आधीच सांगितलं होतं.

मी गज्याच्या हाताकडं बघितलं. घंटा धरलेल्या बोटांची नखं केशरी झाली होती. तेलात कालवलेला शेंदूर घासून निघत नाही. माझ्या अंगाची अशी आग झाली की काय सांगू. आमच्यात एक पाळतात, शेंदूर लागला त्या दगडाला हातोडा लावायचा नाही. फोडायचा दगड तेव्हाच संपला, तो देव झाला. कोठावळ्यांची खाण आमच्या माणसांनीच खोदली होती, त्यांना आमचं हे माहीत होतं. त्यांनी आमचाच नेम आमच्यावर लावला होता.

मी घण उचलला. गर्दी मागं सरली. सुंद्रीनं माझा पदर ओढला, मी हिसडा दिला. आणि समोर आत्याबाई उभ्या राहिल्या.

"ठेव खाली," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, ह्यो देव न्हाई. गज्याची नखं बघा. देव म्हणं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत न्हाई, तुम्हीच सांगता ना?"

आत्याबाईंनी सगळ्यात मोठ्या दगडावरनं हात फिरवला. हाताला शेंदूर लागला. त्याखाली टाकीच्या बारीक रेघा होत्या, एकीला एक लागून, जुन्या जोत्याच्या दगडावर असतात तशा. त्या म्हणाल्या, "ह्यानं सोसले न्हाईत व्हय घाव? गावातली ही घरं कुणी बांधली? तुझ्या आजेसासऱ्यानं, त्याच्या बापानं. ही टाकी आपलीच हाय. आपल्या माणसानं घडवलेल्या दगडाला कुणीतरी शेंदूर लावला. आता घण लावायचा न्हाई."

माझा हात खाली आला. मला रडू फुटलं, आणि मी रडते आहे याचाच जास्त राग आला. मी म्हटलं, मग काय करायचं आत्याबाई, उठायचं का इथनं, जायचं का माळावर?

म्हातारीनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी काल लग्न होऊन आले.

"फोडायचा न्हाई म्हटलं. उचलायचा न्हाई आसं कवा म्हटलं?"

मला समजायला क्षणभर लागलं. मग माझं मलाच हसू आलं. मी गर्दीकडं वळले आणि मोठ्यानं सांगितलं, गावकरी हो, म्हसोबा आमच्या वस्तीवर आलाय, आमचं भाग्य. पण देवाला असं वाटेत, टिपरच्या धुळीत बसवणं बरं दिसत नाही. वस्तीच्या आतल्या टोकाला आमचा मोठा लिंब आहे, त्याच्या सावलीला देवाची जागा आम्ही देतो. गज्या मध्ये पडला, देव हलवायचा नाही म्हणायला लागला. तेव्हा गर्दीतल्या एका म्हाताऱ्या ब्राह्मणीनंच त्याला झापलं, अरे मेल्या, देव उकिरड्यावर ठेवायचा होय? झालं. वस्तीतली हलगी निघाली. दगड वाहायची पद्धत आम्हाला कुणी शिकवायला नको, बल्ल्या आल्या, दोर आले, आणि आम्ही बायांनी ते सगळे देव खांद्यावर घेऊन आमच्याच नव्या डांबरी रस्त्यावरून मिरवत नेले. मागून अख्खं गाव. आत्याबाई पुढं पाणी शिंपडत चालल्या होत्या. लिंबाखाली ओटा करून देव मांडले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं कोठावळ्यांचं झालं. वाट अडवायला आणलेला देव वाटेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला, आणि त्याच्या दर्शनाला जायला तीच एक वाट.

पण तोंडाजवळच्या तुकड्याला खडी कुठून आणायची? कसदार दगड तर देव झाले होते. मी लिंबाखाली उभी होते, लोक नारळ घेऊन रांगेत उभे. तिथंच मला सुचलं. मी म्हटलं, रस्ता पुरा होईपर्यंत इथं नारळ फुटणार नाही. म्हसोबाकडं यायची वाट अजून अपुरी आहे. ज्याला काही वाहायचं असेल त्यानं आपल्या कापलेल्या घराचा दगड आणावा.

गावात सगळ्यांच्याच दारात थोडाथोडा राडारोडा पडून होता. पालिका उचलत नव्हती, त्यामुळं लोक तसेच वैतागलेले. दुसऱ्या दिवसापासून येऊ लागले. हातगाडीवर, सायकलच्या कॅरियरला, पोत्यात. औषधाच्या दुकानवाला जिन्याच्या पायऱ्या घेऊन आला. शिंपी उंबऱ्याखालचा दगड घेऊन आला आणि त्याला हात लावून नमस्कार करून मगच दिला. एक बाई आपलं तुटलं तुळशीवृंदावन घेऊन आली, ते मात्र आत्याबाईंनी लिंबाजवळ मांडलं आणि त्यात तुळस लावली. कधी आमच्या वस्तीत पाऊल न टाकलेली माणसं ढिगाशेजारी उभी राहून विचारत होती, आमचा दगड कुठं बसणार? मी सांगायची, तोंडावर, सगळ्यांत जास्त वर्दळ असते तिथं. त्यांना ते आवडायचं.

आम्ही फोडलं, घासलं, चाळलं, तापवलं. उन्हात डांबराच्या धगीनं चेहरे काळवंडले. मार्च सरता सरता शेवटची पाटी पडली, रोलर फिरला आणि आमचा रस्ता गावाच्या रस्त्याला जुळला.

आता फक्त सभापतींची सही राहिली होती. इंगवल्यांनी रीतसर पाहणी ठेवली. त्या सकाळी सगळं गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं. कोठावळे गाडीतून उतरले, चेहरा घट्ट. इंगवल्यांनी यंत्रानं रस्त्याला भोक पाडून नळीसारखा तुकडा काढला, दाखवला, पॉलिटेक्निकचा कागद दाखवला. घाबरत होते पण मागं हटले नाहीत. कोठावळ्यांनी तुकड्याकडं बघितलंच नाही. म्हणाले, "मला कागद नकोत. खाणीच्या खडीशिवाय रस्ता मी मान्य करणार नाही. हा उखडा."

मी पहार घेऊन पुढं गेले आणि त्यांच्या हातात दिली. हातात दिल्यावर माणूस धरतोच, तशी त्यांनी धरली.

"उखडा भाऊसाहेब," मी म्हटलं. "आम्ही एकदा उखडलाय, आमच्यानं आता होणार नाही. पण हा रस्ता जातो म्हसोबाला. त्याचा दृष्टांत तुम्हाला झालाय, आम्हाला नाही. तेव्हा पहिला घाव तुमचा. आणि ह्यात दगड कुणाकुणाच्या घरचे हायेत ते बाजूला उभ्या असलेल्यांना विचारून घ्या."

शिंपी बाजूलाच उभा होता. औषधवाला होता. ती म्हातारी ब्राह्मणी होती, तिनं काठी टेकून एक पाऊल पुढं टाकलं. कोठावळ्यांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. पहार त्यांच्या हातात उभी होती आणि ती कुठं ठेवावी ते त्यांना कळेना. गज्यानं पुढं होऊन ती हळूच काढून घेतली.

मग भाऊसाहेबांनी बूट काढले. दुसरं करणार काय? देवाला जाणारी वाट, त्यांनीच जाहीर केलेला देव. नुसत्या मोज्यांवर ते आमच्या रस्त्यावरून चालत निघाले, मी त्यांच्या बाजूनं, मागं गाव. लिंबाजवळ आल्यावर ते माझ्या कानाशी झुकले. दात आवळून विचारलं, "बाई, हे देव कुणी केले ते तुला माहीत आहे ना?"

"माहीत हाय," मी म्हटलं. "म्हणून तर पहिला नारळ तुमच्यासाठी राखून ठेवला."

नारळ त्यांच्या हातात दिला. त्यांनी फोडला. एका घावात नाही फुटला, तीनदा आपटावा लागला. आत्याबाई ओट्याशी बसल्या होत्या. त्यांनी खोबऱ्याचा तुकडा काढला, गुळाचा खडा ठेवला आणि सगळ्यांच्या आधी हात भाऊसाहेबांच्या पुढं केला.

"घ्या भाऊसाहेब. देव तुम्ही आणलात. तुम्हाला न्हाई द्यायचा तर कुणाला?"

मी चमकून त्यांच्याकडं पाहिलं. इतके दिवस मला वाटत होतं की म्हातारी भोळी, तिला खरंच देव दिसला. त्यांचा चेहरा रोजच्यासारखाच होता. भाऊसाहेब खोबऱ्याचा तुकडा तळहातावर घेऊन उभे राहिले, मग त्यांनी तो तोंडात टाकला. आत्याबाई पुढच्या माणसाला प्रसाद द्यायला लागल्या.

इंगवल्यांनी कागद पुढं केला. टेबल नव्हतं, म्हणून रोलरच्या बॉनेटवर ठेवून भाऊसाहेबांनी सही केली. रोलर सकाळीच फिरवून लिंबापाशी उभा केला होता, बॉनेट अजून गरम होतं. मी त्यांना सांगितलं, जपून, हात भाजेल.